साठ किलोची टीम आन् माहा काटा

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात माणसाकडं नुसतं पाहून त्याचं वजन सांगणारा माह्यासारखा दुसरा सापडणार नाई. लग्नाच्या वेळी बायकोले पाहून मी बेचाळीस किलो सांगतलं होतं, कापसाच्या जिनच्या काट्यावर उभी राह्यली तं बावन्न भरली, आन् ते मधातले दहा किलो ती अजून रोज माह्या डोक्यावर ठेवून राह्यली.

मी नामदेव, मोठ्या आंजीचा. शाळेत दोन दिवस गेलतो. एक दिवस नाव घालाले, आन् दुसऱ्या दिवशी छत्री तिथं राह्यली होती ते आणाले. म्हणून हे मी बोलून राह्यलो आन् सूनबाई लिहून राह्यली. मधात मधात ती हासते, तवा छापणाऱ्याले अक्षर वाकडं दिसलं तं समजून घेजा.

माहं काम मापाऱ्याचं. जिनिंगमधी कापसाची बैलबंडी आली का कापूस गोणपाटाच्या झोळीत भराचा, झोळी काट्यावर ठेवाची, वजन बोलाचं. तुमाले वाटन, यात का आहे? यातच सगळं आहे. कास्तकार काट्याकडं पाहे, शेठ माह्याकडं पाहे, आन् मी आभाळाकडं पाहो. आता झोळीचं वजन किलोभर. ते दर वेळी कोण वजा करत बसन? म्हणून काट्याच्या दांडीमागं जो पितळेचा गोळा राह्यते, तो फिरवून काटा आधीच किलोभर मागं लावून ठेवाचा. म्हणजे झोळीसकट ठेवा, वजन निव्वळ कापसाचं येते. याले आमी बारदान्याची कटती म्हणतो. हे ध्यानात ठेवा. मी नाई ठेवलं, म्हणून तं हे सांगाची पाळी आली.

आमच्या जिनची कबड्डीची टीम होती. शेठले भारी शौक. कामावर घेताना तो माणसाचे हात पाहे, मंग मांड्या पाहे. मले घेतलं तवा त्यानं दोनी पाह्यलं आन् म्हणे, "तू काट्यावर बस." कापसाच्या हंगामात मशीन आन् हंगाम सरला का मैदान. टीमले दूध, केळे, जायाले जीप. आमी साठ किलोच्या गटात खेळो. गट म्हणजे असा, का खेळाच्या आधी पंच एकेकाले काट्यावर उभा करते. साठच्या आत भरला तं खेळ, नाई तं कपडे घाल आन् टाळ्या वाजव. मंग टीमचं वजन कोण पाहीन? घरचा मापारी होताच. मैदान बी माह्याकडंच. आमची काळी माती पायाले चिकटते आन् उन्हाळ्यात एवढी फाटते का आख्खा पाय आत जाईन. म्हणून नदीकाठची पांढरी माती आणाची, चाळाची, पाणी मारून अनवाणी पायानं तुडवाची. असं मैदान का पोट्टा पडला तं त्याले उठावं वाटू नये.

टीमचा कप्तान माणिकभाऊ. प्रेसवर होता, गाठी बांधाच्या मशीनवर. बोलणं कमी. खेळताना बी वरडे नाई, फक्त डोळ्यानं पाहे, आन् सहा जण आपापल्या जागेवर जात. मी त्याले पंधरा-सोळा वर्षं जवळून पाह्यलं. चिडलेला एकदाच पाह्यला, ते बी माह्यावर, आन् ते बी बरोबर होतं.

मंग जिन बंद पडली. एक दिवस शेठचा माणूस आला, मशीनले ताडपत्री घातली, आन् आमाले म्हणे, "पुढचं कळवतो." तो अजून कळवूनच राह्यला. दूध गेलं, केळे गेले, जीप गेली. कोणी मजुरीनं लागलं, कोणी बोरगाव मेघेत बांधकामावर, माणिकभाऊ विहिरीतला गाळ काढाले जाये. मले वाटलं, चला, टीम सरली, आता आपल्याले माती तुडवाची गरज नाई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता माणिकभाऊ घरासमोर उभा.

"नामदेव, मैदानाले पाणी काऊन नाई मारलं?"

"अरे भाऊ, जिन बंद आहे ना."

"मैदान कुठं बंद आहे?"

मी बाल्टी उचलली. दुसरं का करता?

जिनच्या अंगणातलं मैदान कोणी मागत नव्हतं, चौकीदार आपला होता. माणिकभाऊनं सगळ्याइले रेषेवर बसवलं आन् एकच गोष्ट सांगतली. "सात जण येतेत तवर टीम आहे. ज्या दिवशी मॅचले सहा उभे राह्यले, त्या दिवशी मैदानाच्या कडेच्या ह्या खुंट्या मी माह्या हातानं उपडीन." बस. भाषण संपलं. तवा आमी बारा होतो.

बाराचे आठ व्हाले दोन वर्षं लागले. आमचा डावा कोपरा सांभाळणारा पोट्टा पुण्याले कंपनीत लागला. सांगाले आला तं मान खाली घालून, जसं का चोरी केली. माणिकभाऊनं आपल्या गुडघ्याची पट्टी सोडली, त्याच्या हातात देल्ली. "तिकडं खेळजो. इकडची काळजी करू नको." पोट्टा गेला. माणिकभाऊ मैदानावर बसला आन् अर्धा घंटा गवत उपडत राह्यला. मैदानावर गवत नव्हतंच, मीच सकाळी साफ केलतं. पण मी बोललो नाई. तेवढी अक्कल मले आहे.

मदत मी बी करो, आपल्या परीनं. टीमच्या बनियानी पांढऱ्या होत्या, जिनच्या वेळच्या, एकच जोड. एकदा खेळाच्या आदल्या दिवशी मी त्या माह्या लाल दुपट्ट्यासंग भिजवल्या. सकाळी सातही बनियानी गुलाबी. कोणती कमी, कोणती जास्त. पोट्टे म्हणे, आमी असे नाई खेळत, लोकं हासतीन. माणिकभाऊनं ढिगातली सगळ्यात गुलाबी होती ते काढली, घातली आन् मैदानात जाऊन उभा राह्यला. मंग कोणाची हिंमत आहे? त्या दिवशी आमी जिंकलो. मी लोकाइले सांगतलं, रंग शुभ आहे. माणिकभाऊ म्हणे, "पुढच्या वेळी दुपट्टा अलग धुजो."

आता आष्टीची गोष्ट.

आष्टीच्या स्पर्धेले निघालो तवा आमी नेमके सात. आठवा तापानं फणफणला होता. सातातला हुकमी चढाईवाला म्हणजे गज्या. जिनमधी मशीनले कापूस लावे, नंतर विटा उचले. हा गडी समोरच्या टीममधी असा जाये जसा घरच्या सैपाकघरात जाऊन राह्यला. त्याची सासुरवाडी आष्टीची. लग्न होऊन वर्ष बी नव्हतं झालं. सासरा, साळे, सगळे पाहाले येणार. आठ दिवसापासून गज्या भाकर मोजून खाये, गोड तं पाहे बी नाई. आदल्या संध्याकाळी मी त्याले जिनच्या काट्यावर उभा केला. साडेएकोणसाठ.

"हे पाय," मी म्हटलं, "अर्धा किलो जागा आहे. उगाच उपाशी मरू नको."

"पक्कं का, नामदेवभाऊ?"

"अबे, वीस वर्षं काटा पाह्यला मी."

सकाळी आर्वीच्या स्टँडवर मी त्याले तर्री-पोहा खाऊ घातला. वरून दोन केळे. तो नाई म्हणे, मी कोंबले.

आष्टीले बाजाराचा दिवस होता. मैदान बाजाराले लागूनच. वजन कराले एक गुरुजी होते, चष्मा नाकावर. आमचे सहा गेले, पास झाले. माणिकभाऊ कसाबसा काठावर. मंग गज्या. गुरुजी म्हणे, "साठ किलो सहाशे ग्राम. बाद."

मले हासू आलं. मी म्हटलं, "गुरुजी, तुमचा काटा बिमार आहे."

"काटा आत्ताच तपासून आणला."

"मी मापारी आहे, मले नका सांगू. थांबा."

मी बाजारात गेलो. धान्यवाल्याकडून वीस-वीस किलोचे तीन लोखंडी मापं मागतले आन् एकेक करून डोक्यावर वाहून आणले. तीन चकरा. माह्या मानेत तवाचा आवाज अजून येते. शंभर लोकाइसमोर मी ते मापं त्या काट्यावर ठेवले आन् छाती काढून उभा राह्यलो. काटा साठवर येऊन असा थांबला जसं का तिथंच त्याचं घर आहे.

गुरुजी म्हणे, "आणखी का आणता?"

आन् तवा माह्या डोळ्यासमोर झोळी आली. दर साली हंगाम सरला का मी गोळा फिरवून काटा सरळ करो, पण जिन बंद पडली त्या दिवशी काटा जसा लावलेला होता, तसाच राह्यला होता. किलोभर मागं. तीन वर्षं मी झोळीशिवाय माणसं मोजत होतो आन् प्रत्येकाचं किलोभर वजन बारदाना म्हणून कापत होतो. रिकामा असला का काटा जरासा वाकलेला दिसे. मले वाटे, माह्यासारखा तो बी म्हातारा झाला. बाकीच्याइले किलोभर तरी जागा होती म्हणून कधी कळलं नाई. गज्या पहिल्यांदा काठावर आला आन् सापडला.

माणिकभाऊले बाजूले नेऊन मी सांगतलं. खोटं सांगाची लय इच्छा झालती. पण त्याच्या तोंडाकडं पाहून ते जमत नाई. त्यानं ऐकलं. त्याच्या कानशिलावरची शीर उडाली. एकदाच.

"झोळी किती किलोची होती?"

"किलोभर."

"वीस वर्षं काटा पाह्यला म्हणत होता ना?"

मी धान्यवाल्याचं एक माप उचलून पुन्हा डोक्यावर घेतलं.

"दोन घंटे आहेत," तो म्हणे. "घोंगडं आण."

मंग गज्याले भर दुपारी घोंगडं गुंडाळून नाल्याच्या रस्त्यानं पळवलं. मी बाजारातून मागून आणलेल्या सायकलनं मागं, घोंगडं पडलं का पुन्हा टाकत. तोंडात चिंच देल्ली, थुंक म्हटलं. दीड घंट्यानं काटा दाखवे दोनशे ग्राम जास्त. आता का उरलं? मी म्हटलं, केस! गज्याचे केस दाट, हिरोवाणी. बाजारातल्या न्हाव्यापुढं त्याले बसवलं आन् चकाचक करून टाकला. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी म्हटलं, "रड, रड, तेवढंच वजन कमी होईन."

नेमका तवाच त्याचा सासरा आला. भाजीची पिशवी हातात, मागं दोन साळे. जावयाचं डोस्कं पाह्यलं आन् त्यानं पिशवी तिथंच खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढली.

"जावईबापू... कोण गेलं?"

"कोणीच नाई जी," गज्या म्हणे.

"सांगा ना, मन घट्ट केलं मी. तुमची आई का?"

साळ्यानं तं रुमाल बी काढला. त्या बिचाऱ्याइले समजवाले पाच मिनिटं गेले, आन् समजल्यावर सासरा माह्याकडं जसा पाहे, तसं मले आजपर्यंत फक्त बायकोनं पाह्यलं आहे.

काट्यावर गज्या शेवटचा उभा राह्यला. दीडशे ग्राम जास्त. केसाचं वजन मी पाव किलो धरलं होतं. पन्नास ग्राम निघालं.

आमचे पोट्टे गुरुजीच्या अंगावर गेले. दीडशे ग्राम का असते, एक पेरू! माणिकभाऊनं हात आडवा केला. "गुरुजी बरोबर आहेत. आपण चुकलो." आपण म्हणे. माह्याकडं बोट नाई दाखवलं. ते 'आपण' मले थापडीपेक्षा जोरात लागलं.

राह्यले सहा. तिथला नियम, सात उभे नसले तं खेळ नाई. माणिकभाऊ मैदानाच्या कडेले खुंटी होती तिच्याकडं पाहत होता. मले माहीत होतं तो का पाहून राह्यला. आंजीच्या खुंट्या. बारा वर्षाची टीम, जिन मेल्यावर बी मेली नाई, ती माह्या एका झोळीनं मरणार होती.

मी म्हटलं, "भाऊ, मी उभा राह्यलो तं?"

कोणी हासलं नाई. इतकी वाईट वेळ होती.

काट्यावर उभा राह्यलो. सगळ्याइले मी माहं वजन पन्नास सांगो, छेचाळीस निघालं. गज्याची बनियान माह्या गुडघ्याले आली, त्याची चड्डी नाडीनं दोनदा गुंडाळली. माणिकभाऊनं मले डाव्या कोपऱ्यात, पार मागच्या रेषेजवळ नेलं.

"इथं उभा राह्य. काही करू नको."

"कोणी आलं तं?"

"काहीच करू नको. हाललास तं टांग मोडीन."

समोर वर्धेकडची जवान पोट्ट्याइची टीम. त्याइचा पहिला गडी कबड्डी-कबड्डी करत आला, त्याले मी दिसलो. त्याचं तोंड असं खुललं, जसं का जेवणाच्या पंगतीत पहिलं ताट त्याच्याच पुढं आलं. सरळ माह्याकडं. आत, आणखी आत, माह्या पोटाले हात लावला. आन् मागं फिरते तं माणिकभाऊ आन् पाच जण भिंतीसारखे. धप्प! पकडला गेला, आमचा गुण. दुसरा आला, त्याले बी मीच दिसलो. धप्प! एवढ्या मागं कोणी येत नाई, आले तं परत जाणं कठीण. पण फुकटचं दिसलं का माणसाले दूर जवळ कळत नाई. माणिकभाऊनं दोन मिनिटात अख्खा खेळ माह्या भोवती विणला होता, आन् मले वाटे, माह्या डोळ्यातच काही धाक आहे.

कधी मी बी आऊट होवो, बाहेर बसो. मंग माणिकभाऊ स्वतः चढाईले जाये, एकाले मारून येये आन् मले पुन्हा जिता करे. मेलेल्याले एवढ्या वेळा कोणी उठवलं नसन. गज्याची चढाई नव्हती, ते ओझं त्यानं एकट्यानं उचललं. गुडघा सुजला होता, तरी.

हाफटाइमले आमी पुढं. पण त्याइच्या कोचले अक्कल आली. तो वरडला, "त्या काकाकडं कोणी जाऊ नका!" मंग माह्याकडं कोणी पाहीना. मले अपमान वाटला, खरं सांगतो. ते गुण जोडत आले, जोडत आले. शेवटच्या चढाईले आमी एकानं पुढं. त्याइचा सगळ्यात तेज पोट्टा आला. दोन गडी मारले तं ते जिंकले. गज्या बाहेर टकलावर हात ठेवून उभा.

आन् माह्या चड्डीची नाडी तुटली.

मी दोनी हातानं चड्डी धरली आन् पाठमोरा झालो, कारण सासरेबुवाच्या बाजूनं बायका बसल्या होत्या. त्या पोट्ट्यानं पाह्यलं, म्हातारा पाठ करून उभा, हात अडकलेले. कोच वरडून राह्यला, "नको, नको!" पण पोट्ट्याचा पाय आवरला नाई. आला. माह्या पाठीवर जोरात थाप पडली, मंग मागं धडाम आवाज झाला. मी वळून पाह्यलं तं सहा जणाच्या ढिगाखाली तो, आन् सगळ्यात खाली, त्याचा पाय दोनी हातानं धरून, माणिकभाऊ. जिंकलो.

पुढच्या मॅचमधी आमाले लय धुतलं, ते सांगत नाई. पण टीम राह्यली. त्याच्यानंतर आणखी चार हंगाम खेळली. बंद झाली ते सहा झाले म्हणून नाई. माणिकभाऊचा गुडघा गेला, तवा त्यानं खुंट्या उपडल्या, धुतल्या आन् गावच्या शाळेत देऊन आला. आता जिनच्या जागेवर लग्नाचं लॉन आहे. टीव्हीवर कबड्डी दिसते, गादीवर, लायटीत, चांगले खेळतात पोट्टे. पण सहा जणाइले नुसतं डोळ्यानं हालवणारा मले अजून त्यात दिसला नाई. आन् गज्याचं मनाले लागून आहे. सासरच्या लोकाइसमोर त्याचा खेळ व्हाचा तो माह्यामुळं राह्यला, पुन्हा आष्टीले खेळाचा योग त्याले आला नाई.

त्या दिवशी संध्याकाळी आमी संत्र्याच्या टेम्पोत मागं बसून परत निघालो. सगळे थकले होते, माणिकभाऊ पाय लांब करून, डोळे मिटून. मले मात्र दम निघेना. मी सांगत सुटलो. पाठ फिरवली ते मी मुद्दाम, नाडी बी म्हटलं तं मीच सोडली. पहिला पोट्टा माह्या नजरेनंच घाबरला. तिकडं लोकं विचारत होते म्हटलं, हा जुना खेळाडू कोण? पोट्टे गालात हासत होते. गज्या दुपारपासून एक शब्द बोलला नव्हता. टकलावर दुपट्टा गुंडाळून संत्र्याच्या क्रेटवर बसला होता.

मी म्हटलं, "काऊन बे गज्या, खरं सांग. आज मी नसतो तं का झालं असतं?"

त्यानं माह्याकडं पाह्यलं.

"नामदेवभाऊ, त्या कोपऱ्यात बकरी बांधली असती तरी ते पोट्टे तसेच आले असते. आन् बकरीनं सकाळी मले पोहे खाऊ घातले नसते."